मामींच्या खोल्या

खोली बघायला गेलो तेव्हा मामींनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्यांनी माझे पाय पाहिले. नव्या नोकरीचे म्हणून मी नवे बूट घालून गेलो होतो, ते त्यांनी काढायला लावले. मग मोजेही काढायला लावले. मी अंगणात अनवाणी उभा, त्या बाजेवर बसून माझ्या टाचा निरखतायत, आणि मागं कडुनिंबाखाली एकजण दात घासता घासता हसतोय.

"कन्नडचा म्हनतोस?"

"कन्नडच्या पुढं. घाटाकडं."

"साळंला चालत जायचास?"

"व्हय. शेजारच्या गावाला होती."

"दिसतंय," मामी म्हणाल्या. "टाच चांगली हाय. चालशील."

एवढ्यावर मला खोली मिळाली. आधार कार्डाची झेरॉक्स, कंपनीचं पत्र, ओळखीच्या माणसाचा नंबर असं सगळं मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. ती पिशवी कुणी उघडलीच नाही. दात घासणारा गडी परभणीचा होता. तो पुढं माझा खोलीतला जोडीदार झाला आणि आम्ही त्याला परभणीकर म्हणू लागलो. त्यानं सांगितलं, मामींनी त्याचे दात तपासले होते. जालन्याच्या एका इंजिनियरला पाठ करून वाकायला सांगितलं, तर तो बॅग उचलून सरळ निघून गेला. मामींना त्याचं वाईट वाटलं नाही. "बुजरं व्हतं," एवढंच त्या म्हणाल्या.

खरं तर त्या आमच्यापैकी कुणाच्याच मामी नव्हत्या. पहिला भाडेकरू त्यांचा सख्खा भाचा होता. तो मामी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले. भाचा दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला. मामी तेवढ्या मागं राहिल्या.

त्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचं आणि पावसाच्या तोंडावर चितेगावला परत यायचं, असा त्यांचा जन्म गेलेला. नवरा लवकर वारला, लेक लग्न होऊन गंगापूरला गेली. पैठण रोडला लागून त्यांचा आणि दिराचा मिळून एक माळ होता. त्यावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. पण पंखे बनवणारी एक कंपनी आली आणि तिला नेमका तोच माळ आवडला.

त्या दिवसांत अख्खं चितेगाव थोडं बिघडलं होतं, असं मामीच सांगायच्या. दिरानं मोठी पांढरी गाडी घेतली. गाडी त्यांना चालवता येत नव्हती आणि ड्रायव्हर टिकत नव्हता. तरी दीर रोज संध्याकाळी दारात उभ्या गाडीत एसी लावून बसायचे. भेटायला आलेला माणूस बाहेर उभा राहून काचेवर टकटक करायचा. मग काच चार बोटं खाली यायची आणि बोलणं व्हायचं.

मामींनी त्यांच्या वाट्याला आलेल्या पैशांतून खोल्या बांधल्या. गवंड्याला नकाशा त्यांनी काठीनं जमिनीवर काढून दिला. दोन्ही बाजूला सहा-सहा खोल्या, मध्ये अंगण, आणि आत-बाहेर करायला एकच फाटक. मेंढरांचा वाडा असाच असतो हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तेव्हा परभणीकर दोन दिवस मुद्दाम मेंढरासारखा ओरडत फिरत होता.

बारा खोल्यांची मालकीण स्वतः मात्र एकाही खोलीत झोपायची नाही. छत अंगावर येतं म्हणायची. बाज अंगणात, उशाला काठी, अंगावर घोंगडी. दिवेलागणीला त्या फाटकात उभ्या राहायच्या आणि कामावरून परत येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला काठीचं टोक हलकंसं टेकवायच्या. सुपरवायझर असो की हेल्पर, काठी चुकत नसे. सेकंड शिफ्टवाल्यांवर त्यांचा कायमचा राग होता. "दिवस मावळल्यावर भाईर पडतंय, हे काय मानूस हाय का वाघूळ?" त्यांच्या या रागापायी एका बिचाऱ्यानं सुपरवायझरच्या पाया पडून शिफ्ट बदलून घेतली होती.

आम्ही आलो तेव्हा कंपनी भरात होती. सकाळी पैठण रोडवर कंपनीच्या बसची रांग लागायची. चहाच्या टपरीचं हॉटेल झालं होतं, हॉटेलाचं फॅमिली रेस्टॉरंट झालं होतं, न्हाव्यानं दुकानाला काच बसवून वर जेन्ट्स पार्लर असं लिहिलं होतं. आमच्यातले निम्मेअर्धे पर्मनंट झाले. मी झालो तेव्हा पेढे घेऊन मामींकडं गेलो.

"परमनंट म्हंजी?"

"म्हणजे कायमचा, मामी."

"काय कायमचं?"

"नोकरी."

मामींनी पेढा तोंडात टाकला आणि त्यांना असं हसू फुटलं की ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. तरी त्या डोळे पुसत हसतच होत्या. "लई गोड हाय," असं म्हणाल्या, ते पेढ्याला की मला ते समजलं नाही.

सामान वाढवायचं नाही हा त्यांचा एकमेव कायदा. गादी, शेगडी, चार भांडी, बस. कुणी पलंग आणला की त्या त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. "उठायच्या येळंला हे कोन उचलनार? तुझा बाप?" आम्हाला वाटायचं, म्हातारीला भिंतींची काळजी आहे.

पर्मनंट झाल्याच्या भरात मी शहरात औरंगपुऱ्यातून लोखंडी कपाट घेतलं. आरशाचं. टेम्पोत घालून ते फाटकापर्यंत आलं आणि मामी काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. कपाट आत जाणार नाही म्हणजे नाही. मी विनवण्या केल्या, परभणीकरानं केल्या, टेम्पोवाल्यानंही केल्या. त्याला दुसरं भाडं होतं. शेवटी तो कपाट रस्त्याच्या कडेला निंबाखाली उतरवून निघून गेला.

आठवडाभर माझं कपाट रस्त्यावर उभं होतं. सकाळी शिफ्टला जाणारी अख्खी वस्ती माझ्या आरशासमोर थांबून भांग पाडायची. एक-दोघं तर दाढी करायला यायला लागले. जेन्ट्स पार्लरवाला मला येऊन म्हणाला, "भाऊ, हे कपाट आत घ्या, माझ्या धंद्यावर परिणाम व्हायलाय."

तोड परभणीकरानं काढली. तो मामींना म्हणाला, "मामी, कपाट त्याचं नायच. तुमच्यासाठी आणलंय. घोंगडी ठेवायला. उंदीर लागतात ना."

"माझं काय हाय ठेवायला," म्हणत मामी तरी उठून बघायला गेल्या. आणि आरशासमोर थबकल्या. हातातल्या आरशात चेहरा बघितला असेल त्यांनी, पण डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला बहुधा कधी पाहिलं नसावं. मग पदर सारखा केला.

"येवढी म्हातारी झाले व्हय रे मी?"

कपाट आत आलं. त्यानंतर मामी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून आमच्या खोलीत यायच्या, आरशासमोर उभ्या राहून स्वतःकडं रागानं बघायच्या आणि निघून जायच्या.

मग कंपनी बसायला लागली. हे एका दिवसात झालं नाही. आधी ओव्हरटाइम बंद झाला. कँटीनमधला गोड पदार्थ गेला. कॉन्ट्रॅक्टवरची पोरं गेली. कुणी म्हणायचं बाजार पडला, कुणी म्हणायचं मालक भावाभावांत भांडण आहे, आणि आम्ही पर्मनंट लोक एकमेकांना सांगायचो की आपल्याला काही होत नाही. एका सकाळी गेलो तर गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी चिकटवलेला कागद.

गेटसमोर मंडप पडला. आम्ही त्यात बसलो. रोज कुणीतरी येऊन भाषण करायचं, टाळ्या व्हायच्या, संध्याकाळी परत खोलीवर. असे दिवस जात असताना एके दुपारी मामी डोक्यावर टोपली घेऊन मंडपात आल्या. टोपलीत सगळ्यांना पुरतील एवढ्या भाकरी आणि ठेचा. आमच्या युनियनच्या पुढाऱ्याला भरून आलं. ज्यांची जमीन कंपनीत गेली त्या माउलीनं आम्हाला जेवण आणलं, असं काहीबाही बोलून त्यानं माइक मामींच्या हातात दिला. मामींनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"कशाला बसलात?" त्या म्हणाल्या. माइकमधून आवाज पार रस्त्यापलीकडं गेला. "हितलं संपलं. जेवा आन् उठा."

मंडपात गलका झाला. पुढाऱ्यानं माइक ओढून घेतला, कुणी म्हणालं म्हातारीला मॅनेजमेंटनं पाठवलंय, कुणी म्हणालं भाकरी खाऊ नका. पण भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या.

संध्याकाळी मी फाटकातच त्यांच्याशी भांडलो. पाठीला काठी लावू दिली नाही.

"तुमचं काय जातं मामी? उठा म्हणायला सोपं आहे. तुमच्या बारा खोल्या आहेत."

"हायेत ना," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. "म्हनून तर सांगते. मला न्हाय उठता येत आता. हे डोक्यावर घिऊन कुटं जाऊ? तुमाला येतंय तर उठा की रे."

मी आत जाऊन आडवा झालो.

महिनाभरात मंडप निघाला. परभणीकर पुण्याकडं चाकणला गेला. बाकीचे जिथं ओळख निघाली तिथं पांगले. मला औरंगपुऱ्यात पंखे दुरुस्त करणाऱ्या एका चाचांच्या दुकानात काम मिळालं. पंखे बनवणारा पंखे दुरुस्त करायला लागला, एवढाच काय तो फरक. शहरात घेतलेली खोली अरुंद जिन्यावर होती, तिथं कपाट चढणं शक्य नव्हतं. ते मामींकडंच ठेवावं लागलं. मामींनी मला निरोप देताना डोळ्यांत पाणी वगैरे आणलं नाही. कपाटावर दोनदा थाप मारली आणि भुवया उडवल्या. सांगत नव्हते का, असा त्याचा अर्थ.

आता वाटेल की एवढं शहाणपण शिकवणाऱ्या मामी पुढं शहाण्यासारख्या वागल्या असतील. मुळीच नाही. शहरातल्या एका व्यापाऱ्यानं बाराच्या बारा खोल्या गोदामाला मागितल्या. मामींनी त्याला हाकलून दिलं. माणसांच्या खोल्यांत पोती ठेवायची नाहीत म्हणाल्या. कंपनी परत येणार, असा त्यांचा ठाम विश्वास होता. माळावरचं गवत वाळतं आणि पाऊस पडला की येतं, तशी ती येणार. दर दिवाळीला त्या बाराही रिकाम्या खोल्यांना चुना लावायच्या. मी भेटायला गेलो की मला एकेक खोली उघडून दाखवायच्या. पांढऱ्याफटक खोल्या, वर पंखा, खाली काही नाही.

पाऊस चार-पाच वेळा येऊन गेला. कंपनी आली नाही. फॅमिली रेस्टॉरंटची पुन्हा टपरी झाली. जेन्ट्स पार्लरच्या काचेला तडा गेला, त्यावर चिकटपट्टी आली. दिरांच्या पांढऱ्या गाडीची चाकं कुणीतरी विकत नेली. गाडी विटांवर उभी राहिली. दीर तरीही संध्याकाळी तीत बसायचे. आता काचा पूर्ण खाली असायच्या आणि ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे.

एकदा मी मामींना चिडवलं. "आम्ही बरे. महिन्याभरात मंडपातून उठलो. तुम्ही अजून बसूनच आहात."

"गप. चा पी," मामी म्हणाल्या.

पण बोलणं त्यांना लागलं असावं. काही दिवसांनी औरंगपुऱ्याच्या दुकानात त्यांचा फोन आला. मी बाहेर होतो, चाचांनी घेतला. मी परत आलो तर चाचा कपाळाला हात लावून बसलेले.

"तेरी मामी का फोन था. पंखा आवाज करताय बोल री. बकरियाँ घबरा रे बोल री. मियाँ, चालीस साल से दुकान में बैठ रा मैं, बकरियों का पंखा कभी नई सुना!"

"बकऱ्या नाहीत चाचा, मेंढ्या असतील," मी म्हणालो.

मेंढ्याच होत्या. गंगापूरच्या लेकीच्या सासरकडून मामींनी थोडी मेंढरं आणली होती आणि चुना लावलेल्या खोल्यांत ठेवली होती. मी गेलो तेव्हा चौथ्या खोलीत, जिथं कधीकाळी क्वालिटी विभागाचे साहेब राहायचे, तिथं सहा मेंढ्या पंख्याखाली रवंथ करत बसल्या होत्या. मी पंख्याला तेल दिलं. मामी दारात उभ्या राहून कौतुकानं आत बघत होत्या.

"भाडं देत न्हाईत," त्या म्हणाल्या, "पर संडास तरी तुंबवत न्हाईत."

अशी तीनेक वर्षं गेली. मेंढरं वाढली, मामींचा चेहरा उजळला. आणि जवळच बिडकीनच्या बाजूला पुन्हा हालचाल सुरू झाली. रुंद रस्ते झाले, तारेची कुंपणं पडली, मोठाले बोर्ड लागले. चितेगावात माणसं पुन्हा मोटारसायकलवरून खोल्या विचारत फिरायला लागली. दीर गाडीतून उतरले. ते मामींकडं आले ते थेट मोठा बेत घेऊन: मेंढरं काढायची, खोल्या पाडायच्या, बँकेचं कर्ज काढून तीन मजली होस्टेल बांधायचं. लिफ्टसकट.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "मोटारसायकल घिऊन ये. कंपनीला इचारायला जायचंय."

"काय विचारायचंय?"

"किती साल राहनार ते. मागच्या टायमाला इचारलंच न्हाय कुनी."

मी समजावून पाहिलं, की मामी, असं कुणी सांगत नसतं. पण मामी तोवर नवं लुगडं नेसून फाटकात उभ्या होत्या. नाइलाजानं गेलो. नव्या कंपनीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. मामी तिथंच जमिनीवर बसल्या. अर्धा तास गेला. शेवटी आतून एक तरुण अधिकारी आला, गळ्यात कार्ड, पंचविशीतला असेल.

"आजी, कुणाच्या नोकरीसाठी आलात का?"

"न्हाय. घर बांधायचंय. तुमी किती साल राहनार?"

त्याला हसू आलं, पण पोरगा चांगला होता. त्यानं आम्हाला पत्र्याच्या ऑफिसात नेलं, पाणी दिलं, भिंतीवरचं चित्र दाखवलं. त्यात कंपनी होती, हिरवळ होती, कारंजं होतं. "हे सगळं इथं होणार आजी. आम्ही इथं राहायलाच आलोय."

"मागचेबी असंच म्हनले व्हते."

"ते वेगळे, आम्ही वेगळे."

मामींनी चित्राकडं पाठ केली आणि त्याच्याकडं पाहिलं. "बरं. तू किती साल?"

"मी?" पोरगा दाराकडं बघून जरा हळू बोलायला लागला. "माझं अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट आहे, आजी. पुढं वाढवतील असं म्हणतात."

"कुटला तू?"

"धुळ्याचा."

"घरी ठाव हाय?"

तो टेबलावरचा पेन उघडमीट करत राहिला. "आईला पक्की नोकरी म्हणून सांगितलंय. वडील नाहीत. तिनं गावभर पेढे वाटलेत."

"जेवतो कुटं?"

"हॉटेलात."

"रोज?"

"रोज."

मामींनी पुढं कंपनीचा एक शब्द काढला नाही. उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या सामान घिऊन ये. पैठण रोडला, चितेगावात. कुनालाबी मामी म्हनून इचार." पोरगा भाडं किती, डिपॉझिट किती विचारत राहिला. मामी तोवर बाहेर पडल्या होत्या. कंपनीची चौकशी करायला गेलेली बाई भाडेकरू घेऊन परतली. गाडीवर बसताना त्या मला म्हणाल्या, "एकच मजला बांधू. तोबी एका बाजूला. आन् दिराला म्हनावं, लिफ्ट तुझ्या गाडीला लाव."

तसंच झालं. एका बाजूच्या सहा खोल्यांवर एक मजला चढला. दुसऱ्या बाजूला मेंढरं राहिली. दीर पंधरा दिवस बोलत नव्हते, मग वरच्या मजल्याच्या फरशीचा रंग निवडायला न बोलावता आले.

गेल्या महिन्यात मी वरच्या खोल्यांत पंखे बसवायला गेलो होतो. त्याच दिवशी त्या अधिकारी पोराची आई धुळ्याहून आली. सोबत लाडवांचा डबा. लेकाची खोली पाहिली, समोरची मेंढरं पाहिली आणि जरा गोंधळली. मग मामींच्या बाजेवर टेकली. मी शिडीवर होतो, पोरगा जिन्यात उभा होता.

"तुम्ही इथल्या जुन्या," ती माउली म्हणाली. "मला खरं सांगा हो. हा सांगतो, पण माझ्या जिवाला घोर लागतो. नोकरी पक्की आहे ना ह्याची?"

माझा स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला. भरल्या मंडपात माइकवर खरं बोलणारी ही बाई. अकरा महिन्यांतले आठ होऊन गेलेले. पोरानं जिन्याचा कठडा घट्ट धरला होता.

"पक्की," मामी म्हणाल्या. "एकदम पक्की. तुमी घोर करू नका."

पोराच्या आईनं सुस्कारा सोडला आणि डबा उघडला. मामींनी एक लाडू घेतला, अर्धा मोडून तिलाच दिला आणि वर माझ्याकडं पाहिलं.

"तू काय बघायलास? पंखा लाव."